४२ जोड: बेळगावातल्या आपल्या गल्लीतल्या गणेश मंडळाला खुले पत्र

अध्यक्ष, खजिनदार आणि ढोलपथकातल्या सगळ्या पोरांनो,

स. न. वि. वि.

चार दिवसांपूर्वी रात्री तुमची मिटिंग चालली होती आणि मी दुकानाचं शटर ओढत होतो. तुमच्यातला एक जण पळत आला आणि मोबाईल माझ्या नाकासमोर धरून म्हणाला, "मामा, हे बघा की. जॉर्डन. लाल-काळा. फर्स्ट कॉपी. जोडाला चौदाशे म्हणतोय. पथकासाठी ४२ घेतले तर आणि कमी करेल काय? तुमची ओळख हाय न्हवं त्या लाइनीत."

जॉर्डन म्हणजे नायकी कंपनीचा महागडा बूट, आणि फर्स्ट कॉपी म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल. मी "उद्या सांगतो" म्हणालो. तो उद्या अजून उजाडला नाही. तोंडी सांगायला आलो असतो तर तुम्ही चहा मागवला असता, मी भिडेखातर विषय बदलला असता आणि ऑर्डर गेली असती. म्हणून लिहितोय. आणि सगळ्या गल्लीनं वाचावं असं लिहितोय, कारण ४२ गुणिले १,४०० म्हणजे ५८,८०० रुपये होतात आणि ते वर्गणीचे आहेत. पावती पुस्तकात माझंही नाव आहे.

आधी माझं स्वतःचं सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी उकरून काढायला नको. २०११ पासून २०१९ पर्यंत हा माल मी विकलाय. गल्लीतल्या निम्म्या घरांत माझ्याकडची एखादी खोटी नायकी येऊन गेली असेल. वडील होते तोवर पुढच्या फळीवर अथणीची आणि मदभावीची हाती केलेली कोल्हापुरी चप्पल असायची. ते गेले, कॉलेजची पोरं दारावरून पुढं जायला लागली आणि मी फळी बदलली. बिननावाच्या साध्या बुटावर मला जोडामागं सत्तर-ऐंशी रुपये सुटायचे. त्याच तळाच्या, त्याच कापडाच्या बुटाला बाजूला ते बाकदार चिन्ह चिकटवलेलं असलं की सहाशेचा जोड बाराशेला हां हां म्हणता जायचा. चिन्ह चिकटवायला असे किती पैसे लागतात? वरचे सहाशे रुपये गिऱ्हाईक त्या चिन्हाचे द्यायचं, आणि ते चिन्ह ना माझ्या मालकीचं होतं, ना बूट करणाऱ्याच्या.

या धंद्यातली भाषाही मोठी गमतीची. फर्स्ट कॉपी, मास्टर कॉपी, सेव्हन ए, मिरर. आठ-नऊ वर्षांत "माझ्याकडं सेकंड कॉपी आहे" म्हणणारा एकही होलसेलवाला मला भेटला नाही. सगळ्यांची फर्स्टच. चीनच्या फुजियान प्रांतात पुतिएन नावाचं शहर आहे, नकली स्निकर्ससाठी जगभर ओळखलं जातं. माझ्याकडं येणारा माल तिथलाच असं मला सांगायचे आणि मी गिऱ्हाइकाला सांगायचो. "इम्पोर्टेड" म्हटलं की चोरीच्या मालालाही जरा वजन येतं, बघा. प्रत्यक्षात खोक्याला चिकटलेल्या ट्रान्सपोर्टच्या चिठ्ठ्या आपल्याच देशातल्या असायच्या.

उद्यमबागेत फौंड्रीत कामाला जाणारा एक पोरगा माझ्याकडून असा जोड घेऊन गेला होता. बहिणीच्या साखरपुड्याला घालायचा म्हणून. पगार झाल्या दिवशी आला, तीन वेळा घालून बघितला, आरशात पुढून-मागून बघितलं. जुलै महिना होता. एकोणिसाव्या दिवशी परत आला तो एका पायाचा तळ हातात घेऊन. गोवावेसजवळ भर पावसात उलगडला होता. "मामा, बिल द्या, मी तक्रार करतो," म्हणाला. बिल कुठलं देणार? मला होलसेलवाल्यानं कधी दिलं नव्हतं, मी गिऱ्हाइकाला कधी दिलं नव्हतं. "कॉपीला गॅरंटी नसते," असं मी त्याला सुनावलं. तो काही बोलला नाही. मग मी तळाला सोल्युशन लावलं, कडेनं शिलाई मारून घेतली आणि वर त्याच्याकडून चाळीस रुपये घेतले. आठशे-हजाराच्या फायद्याचे व्यवहार विसरलोय, ते चाळीस रुपये अजून डोक्यातून जात नाहीत.

तुम्ही तर भाद्रपदात घालणार आहात. आपली मिरवणूक म्हणजे काय दोन तासांचं काम आहे? संध्याकाळी निघाली की कपिलेश्वर तलावाला पोचेपर्यंत दुसरा दिवस वर येतो. गळ्यात ढोल, खाली चिखल, वरून पाऊस. या बुटांत आतला इनसोल म्हणजे पातळ फोमवर चिकटवलेलं कापड. रात्री दोनला टाच बोलायला लागते. तळ पीयूचा असला, म्हणजे पॉलियुरेथेनचा, तर आणखी एक गंमत. दमट हवेत ते आपोआप कुजतं, न वापरताही. कपाटात ठेवलेला जोड दोन-तीन पावसाळ्यांनी बाहेर काढा, तळ चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा हातात येतो. हे ओरिजिनल कंपनीच्या पीयूलाही होतं, खोटं कशाला सांगू. पण तिथं निदान भांडायला एक दार असतं.

आता तुम्ही म्हणणार, मामा, ओरिजिनल घ्यायची ऐपत कुणाची आहे? खरं आहे. दहा-पंधरा हजारांचा बूट घ्या असं मी सांगणारही नाही. नायकीचे निम्म्याच्या आसपास बूट व्हिएतनाममधल्या कारखान्यांत होतात, तिथल्या कामगाराच्या हातात त्यातलं किती पडतं हे विचारायची सोय नाही. जाहिरात, खेळाडू, झगमगीत दुकान, सगळं त्या किमतीत आलं. त्या कंपनीचं तुमच्या ४२ जोडांनी काहीही बिघडत नाही. तिच्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. बुटाची ठेवण कुणी कुणासारखी केली यावरही माझं फारसं म्हणणं नाही. उंच कॉलरचा लाल-काळा बूट शंभर जण करतात, करू देत. माझं म्हणणं त्यावरच्या नावाबद्दल आहे.

आठवतंय का, जून २०२५? इटलीत मिलानमध्ये प्राडा या महागड्या फॅशन कंपनीनं पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांचा शो केला आणि मॉडेलांच्या पायात आपली चप्पल निघाली. अंगठा, पट्टा, कान, सगळं आपलं. कंपनीनं तिला म्हटलं नुसतं "लेदर सँडल". कोल्हापूरचं नाव नाही, अथणीचं नाही, भारताचंही नाही. तेव्हा तुम्ही कोपऱ्यावर फ्लेक्स लावला होता, "कोल्हापुरी आमची अस्मिता, चोरी खपवून घेणार नाही." खाली तुमचे सगळ्यांचे फोटो. छान फ्लेक्स होता, पावसाळाभर होता. मी येता-जाता वाचायचो आणि मला आपलं माझी जुनी फळी आठवायची.

त्या कंपनीनं काय केलं होतं? माल आपल्यासारखा केला आणि खरं नाव गाळलं. चौदाशेचा जॉर्डन करणारा काय करतो? माल त्यांच्यासारखा करतो आणि खोटं नाव लावतो. एकानं पाटी पुसली, दुसऱ्यानं दुसऱ्याची पाटी आपल्या दारावर ठोकली. मिलानवाल्यांवर चिडलो ते आपण बरोबरच केलं. ओरड झाल्यावर महाराष्ट्र चेंबर या व्यापाऱ्यांच्या संस्थेच्या पत्राला उत्तर देताना कंपनीनं कबूल केलं की प्रेरणा भारतातल्या हाती बनवलेल्या चपलांची होती. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला, महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकाचं लिडकर. २,००० जोड इथं महाराष्ट्र-कर्नाटकात तयार होणार, किंमत सुमारे ८०० युरो जाहीर झाली. त्यातले कारागिराच्या घरात किती येतील ते पुढं दिसेल. पण नाव परत लागलं, एवढं तरी झालं.

आणि नावाचं आपल्याला कुणी शिकवायला नको. आपण सीमाभागातली माणसं नावावरच जगतोय. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा आपल्या घराघरांत काय बोललं गेलं ते मला सांगू नका, मी त्याच गल्लीत होतो. २०२४ च्या कायद्यानं पाटीवर साठ टक्के जागा कानडीला द्यायची असं ठरलं. माझ्या दुकानावर आता वर मोठं कानडी आणि खाली बारीक मराठी आहे. नवी पाटी चढवताना तुमच्यातलेच दोघे शिडी धरून उभे होते आणि तोंडानं पुटपुटत होते. कानडीशी माझं वैर नाही, निम्मं गिऱ्हाईक कानडी आहे आणि हिशेब मी मनात कानडीतच करतो. पण मराठी अक्षर वितभर लहान झालं तर पोटात कालवणारे आपण, ४२ पायांच्या जोड्यांवर दुसऱ्याचं खोटं नाव लावून मिरवणार? तेही बाप्पापुढं?

कायद्याचंही ऐका, नंतर म्हणाल मामानं सांगितलं नाही. ट्रेड मार्क्स कायदा १९९९ चा. कलम १०३ आणि १०४. खोटं व्यापारचिन्ह लावणाऱ्याला आणि तसला माल विकणाऱ्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. स्वतःच्या पायात घालणाऱ्यासाठी ही कलमं नाहीत, तेव्हा घाबरून जाऊ नका. त्याच १९९९ सालचा दुसरा कायदा भौगोलिक निर्देशांकाचा, ज्याला आपण जीआय म्हणतो, म्हणजे जिथलं नाव तिथल्याच मालाला. त्यात कलम ३९ आणि ४०. प्लास्टिकची चप्पल कोल्हापुरी म्हणून विकणाऱ्याला शिक्षा किती? सहा महिने ते तीन वर्षं, ५० हजार ते २ लाख. जशीच्या तशी. अमेरिकेच्या बुटाला आणि मदभावीच्या चपलेला कायद्यानं एकाच तराजूत बसवलंय. आपणच दोन तराजू ठेवलेत.

कोल्हापुरीला जीआय मिळालं २०१९ मध्ये, आणि ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर, असे आठ जिल्हे. आयोग, खटले आणि आंदोलनं करून जी रेघ कुणाला मिटवता आली नाही, तिच्यावरून ही चप्पल आरामात चालत गेली. सीमेवरच्या कोगनोळीच्या नाक्यावर तिला कुणी विचारलं नाही तू कुठली. प्राडाच्या वेळी कर्नाटकाचे मंत्री प्रियांक खर्गे यांनी जाहीरपणे आठवण करून दिली की हे कारागीर मोठ्या संख्येनं अथणी, निपाणी, चिकोडी, रायबाग भागात राहतात. तुमच्या फ्लेक्सवर मात्र पन्हाळ्याचा फोटो होता. असो.

मी स्वतः २०१९ मध्ये हा माल बंद केला तो काही जीआयची बातमी वाचून नाही. बाजारातल्या एका दुकानावर कंपनीची माणसं पोलीस घेऊन आली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. उपरती वगैरे काही नव्हती, भीती होती. मनाला लागायचं ते नंतर लागलं, आणि ते वेगळ्याच माणसामुळं.

चपलांची फळी मी परत सुरू केली तेव्हा अथणीकडचा एक समगार, म्हणजे चर्मकार समाजातला, कारागीर माल पाठवायला लागला. त्याचे वडील माझ्या वडिलांना माल द्यायचे. त्यांच्या घरी मी गेलोय. सोप्यात भिंतीवर संत रोहिदासांच्या शेजारी हरळय्यांचा फोटो. हरळय्या म्हणजे बसवण्णांच्या, महात्मा बसवेश्वरांच्या, काळातले चर्मकार संत. त्यांची गोष्ट इकडं सगळ्यांना ठाऊक आहे. बसवण्णांना त्यांनी "शरणु", म्हणजे नमस्कार, म्हटलं, बसवण्णांनी उलट "शरणु शरणार्थी" म्हटलं. आपल्याला एक शरणु जास्तीचा मिळाला, तो फेडायचा कसा, म्हणून नवरा-बायकोनं स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे केले. त्या फोटोखाली कारागिराची बायको आणि सून बसून चपलेच्या पट्ट्याची वेणी घालत होत्या. त्या घरात रापी आणि आरी पुरुषांच्या हातात, वेणी बायकांच्या. तळ म्हशीच्या कातड्याचा, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेला. शिवण कातडी वादीची, खिळा एक नाही.

पुढं माल घेऊन त्याचा पोरगा यायला लागला. बावीस-तेवीसचा, डिप्लोमा झालेला, बोलायला चांगला. पायात काय होतं? नायकी. माझ्या डोळ्याला दुरूनच कळली, फर्स्ट कॉपी. मी आपला गल्ल्यावर बसून म्हणालो, "अरे, घरात एवढी सोन्यासारखी चप्पल, आणि हे काय पायात?"

तो हसला. मग म्हणाला, "मामा, तुम्ही कोल्हापुरी घातली की लोक म्हणतात, काय रुबाब आहे. मी घातली की विचारतात, तू स्वतः केलीस काय? बूट घातला की कोण काय विचारत नाही."

मी पोत्यातले जोड मोजायला घेतले. तीनदा मोजले, तीनदा वेगळे आले.

पोरांनो, या ठिकाणी माझं सगळं वकिली भाषण संपतं. खोट्या नावाखाली त्या पोराला जो आडोसा मिळतो तो आपल्यासारख्यांमुळं लागतो. "पायातली वहाण पायातच बरी" ही म्हण आपणच तोंडात खेळवली, आणि ती बोलताना वहाण करणारा समोर आहे की नाही याची कधी पर्वा केली नाही. त्याला मी कुठल्या तोंडानं सांगू की बाबा रे, खोटा बूट घालू नकोस? त्याला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्हाला आडोशाची गरज नाही. तुम्हाला कुणी "तू स्वतः केलीस काय" विचारत नाही. तुम्हाला फक्त रीलमध्ये लाल-काळं दिसायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून करतोय. चप्पल विकताना कुणी केली ते सांगतो. गाव सांगतो, घर सांगतो. काही गिऱ्हाइकं "हं हं, भाव सांगा" म्हणतात. दोघा-तिघांनी मात्र कारागिराचा नंबर मागितला आणि सरळ तिकडून मागवायला लागले. माझं नुकसानच झालं म्हणा.

बरं, आता मुद्द्याचं. मिरवणुकीला कोल्हापुरी घाला असं मी म्हणतोय असं तुम्हाला वाटलं असेल तर तसं अजिबात नाही. भाद्रपदातल्या चिखलात कोल्हापुरी घातली तर तळ फुगतो, वादी सैल पडते आणि महिन्याभरात चपलेची गोधडी होते. नवी असली तर आधी चार दिवस चावते ते वेगळंच. ढोलाला बूटच पाहिजे. आपल्या देशात होणारा, बिननावाचा किंवा स्वतःच्या नावाचा, काळा, रबरी तळाचा, कडेनं शिलाई असलेला बूट पाचशे ते सातशेत मिळतो. अडीच हजारांपर्यंतच्या पादत्राणांवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाचच टक्के आहे, त्यामुळं पक्क्या बिलाला कुणी का-कू करायचं कारण नाही. बिल मंडळाच्या नावानं घ्या. बाजूला रंगवायचंच असेल तर आपल्या मंडळाचं नाव रंगवा, गल्लीतला पेंटर चहावर करून देईल. सातशे धरले तरी ४२ जोडांचे २९,४०० होतात. अर्धे पैसे उरले.

त्या उरलेल्यात खजिनदारांनी हात घालू नये अशी विनंती आहे. आपल्या बेळगावात शिवजयंती वैशाखात येते. चित्ररथाच्या मिरवणुकीत फेटा बांधून, खाली स्पोर्ट्स शूज घालून मावळे झालेले मी दरवर्षी बघतो आणि मान फिरवतो. तेव्हा रस्ता कोरडा असतो, वळीव आला नाही तर. त्या वेळी अथणीचे जोड घालू. मी त्यावर एक रुपया सुटू देणार नाही, कारागीर सांगेल तो भाव. घासाघीस करायची नाही, आणि माल आणायला तुमच्यातल्या दोघांनी त्याच्या घरी जायचं. चहा तिथंच प्यायचा. अर्धी रक्कम त्याला आगाऊ द्यावी लागेल, कातडं रोखीनं घ्यावं लागतं आणि हाताचं काम असल्यानं वेळ लागतो, म्हणून आतापासून सांगतोय.

मोबाईलवरच्या त्या माणसाला अॅडव्हान्स गेला असेल तर मला सांगा. परत मिळणार नाही हे मी धंद्यातला म्हणून सांगतो, पण किती गेला तेवढं कळू दे. त्यातले अर्धे माझ्या नावावर टाका. चाळीस रुपये तर माझ्याकडं बाकीच आहेत.

मापं शनिवारपर्यंत दुकानात आणून द्या. बुटाचा नंबर नुसता सांगू नका, कंपनी बदलली की नंबर बदलतो. वहीच्या कागदावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार टाकायचा आणि दुसऱ्या कुणीतरी पेन्सिल सरळ धरून कड काढायची. दोन्ही पायांची वेगवेगळी, कारण बहुतेकांचा एक पाय थोडा मोठा असतो. आणि माप संध्याकाळी घ्या. सकाळचा पाय बारीक असतो.

तुमचा,
कोपऱ्यावरच्या दुकानातला मामा